‘मीटिंगला पाठवू नका, चहात पावडर घाला’ : या फॉरवर्डला उत्तर

‘दारुड्यांच्या बैठकांपासून सावधान’ असा एक लांबलचक मेसेज गेले काही दिवस फिरतोय. एरवी मी तो उघडलाही नसता. पण तो आत्यापर्यंत पोचला. आतेभाऊ महामुश्किलीने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या एएच्या मीटिंगला यायला तयार झाला होता, आणि आत्याचा फोन आला, “त्यापेक्षा ती पावडरच मागवू का रे?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: या बैठकांत माणसाचं नाव गावभर होतं, धर्म बदलायला लावतात, पैसे उकळतात, आणि एवढं करून दारू कुणाचीच सुटत नाही. त्यापेक्षा अमुक पावडर पंधरा दिवस चहात नाहीतर आमटीत घाला, पिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

आधी पावडरीचंच बघू, कारण बाकीचे मुद्दे खोटे नाहीतर अर्धवट आहेत, हा जिवावर बेतणारा आहे.

पाकिटात काय आहे हे मेसेज सांगत नाही. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते पुढे मोडू न देणं हे या औषधाचं काम. त्यावर माणूस प्यायला की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी खाली येतं. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आधी तपासण्या करतात, पेशंटला सगळं समजावतात आणि त्याच्या संमतीनेच गोळी सुरू करतात. हेच औषध त्या पाकिटात असेल आणि नवऱ्याला न सांगता आमटीतून गेलं, तर तो कोसळल्यावर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना तो काय सांगणार? त्यालाच माहीत नसेल. आणि ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून तो घरच्या ताटाकडे संशयाने बघेल. ‘पत्ताही लागणार नाही’ हे ज्याने कौतुकाने लिहिलं, त्याने एका पेशंटची फसवणूक करायला सांगितलंय.

दुसरा धोका मेसेजच्या गावीही नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. त्यामुळे आधी डॉक्टर. मीटिंग त्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. ‘गोळ्या बंद कर, मीटिंग पुरे’ असं एखादा जुना सभासद म्हणाला तर त्याचंही ऐकू नका. डॉक्टरकी सभासदांनी करू नये, हे एएचं साहित्यच सांगतं.

आता ‘कुणाचीच सुटत नाही’. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते. २०२० साली तिने एए आणि एएकडे नेणाऱ्या समुपदेशनावरचे २७ अभ्यास तपासले, साडेदहा हजारांवर माणसांचे. पद्धतशीरपणे या वाटेला लावलेल्यांपैकी वर्षभरानंतर साधारण ४२ टक्के दारूपासून पूर्ण लांब होते, इतर मान्य उपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, आणि निम्म्याहून जास्त लोक पूर्ण कोरडे राहिले नाहीत हेही खरं. पण ‘कुणाचीच नाही’ हे साफ खोटं. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. तो एक जण मदतीकडे निघाला की त्याच्या पायात असले मेसेज घालायचे!

धर्माचं म्हणाल तर अर्धं सत्य आहे, मान्य. १९३५ साली अमेरिकेत एए सुरू झालं ते एका ख्रिस्ती चळवळीच्या मुशीतून, आणि आपल्याकडेही काही मीटिंगा चर्चच्या आवारात भरतात. पण देव ‘ज्याला जसा उमगला तसा’ असं त्यांच्या बारा पायऱ्यांतच, म्हणजे दारू सोडण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांतच लिहिलंय, आणि सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. पैशांचा मुद्दा तर दोन ओळींचा. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत, सभासदच आपसात खर्च भागवतात.

नावाची भीती मात्र खरी असते, लहान गावात जास्तच. डॉक्टरवर गुप्ततेचं कायदेशीर बंधन असतं, सभासदावर नसतं. तिथे सगळं परस्परांच्या शब्दावर चालतं. मी एका खुल्या मीटिंगला बसलोय. शाळेचा वर्ग, मुलांचे बुटके बाक, त्यात गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. कुणी आडनाव विचारलं नाही. एक जण उठला, पहिलं नाव सांगितलं, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणाला आणि मुलीच्या बारशाला आपण कुठे पडलो होतो ते सांगू लागला. मध्ये कुणी बोललं नाही, कुणी सल्ला दिला नाही. थैली फिरली तेव्हा शेजारच्याने नव्या माणसाला हळूच सांगितलं, ‘तुम्ही टाकू नका.’ तरीही ओळखीचं कुणी भेटायची धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्यातली मीटिंग गाठा, किंवा ऑनलाइन बसा.

मीटिंगांची यादी एए इंडियाच्या संकेतस्थळावर आहे. वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही पत्ता मिळू शकतो. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. ‘खुली’ मीटिंग असेल तर घरचेही बसू शकतात. ‘बंद’ मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नसते. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा बघा, गटागटांत खूप फरक असतो. आणि पिणारा यायलाच तयार नसेल, तर घरच्यांनी त्याच्यासाठी थांबू नये. त्यांच्यासाठी अल-अनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट आहेत, पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तिथे बायको एकटीही जाऊ शकते.