‘हलक्या गाडीला टेस्टिंग कशाला’ म्हणे

धुळे-जळगावच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय. म्हणणं असं की सुटे भाग जोडून घरी बांधलेली 500-550 किलोची किट स्पोर्ट्स कार टेस्टिंगला रेसच्या ट्रॅकवर नेणं म्हणजे पैशाचा माज. ब्रेक मारुती 800 चे पुरतात, टायरात नेहमीची 30 ची हवा भरा, शंभरच्या वर गाडी उचलते म्हणून मागे वाळूची पोती टाका, आणि पहाटे बायपासवर एकदा 120 खेचली की झाली टेस्ट.

पोती पहिले घेऊ. गाडी हलकी आहे म्हणून उचलत नाही भो, बॉडीचा आकार चुकला तर वाऱ्याने उचलते, आणि तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, शंभरला फार नसतो. इंग्लंडची कॅटरहॅम 170 साधारण 440 किलोची, इंजिन सुझुकीचं 660 सीसी, तरी 160 च्या वर जाते, वाळूबिळू काही लागत नाही. पोतं वळणात सरकलं की गाडीची मागची बाजू पण सरकलीच समजा.

वजनाचं काही करायचंच तर आधी मोजा. भुसाराच्या दुकानातले प्लॅटफॉर्म काटे चार चाकांखाली चार ठेवले की काम होतं, एका चाकावर 150 किलोच्या आसपासच येतं. जमीन लेव्हल पाहिजे आणि ड्रायव्हर सीटवर बसलेला पाहिजे, हे दुसरं बरेच जण विसरतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यायला हवी, नाहीतर डाव्या वळणाला गाडी शहाणी आणि उजव्याला वेडी. स्प्रिंगखालची रिंग थोडी थोडी फिरवून ते जुळवतात.

आता ब्रेक, खरा घोळ इथेच आहे. 550 किलोच्या गाडीत त्याच वेगाला 1100 किलोवालीच्या निम्मी ऊर्जा असते, म्हणून डिस्क कमी तापते, इतपत बरोबर. पण वजन निम्मं म्हणजे टायरची पकडही तेवढीच कमी, त्यामुळे थांबायचं अंतर निम्मं होत नाही, चांगल्या टायरवरही शंभरवरून थांबायला 40 मीटरच्या आसपास लागतातच. आणि 800 मधे इंजिन पुढे, वजन पुढे, ब्रेकचं वाटप त्या हिशोबाने केलेलं. तेच इंजिन सीटमागे बसवलं की पुढची चाकं लवकर लॉक होणार, म्हणजे फिरायची थांबून नुसती घसरणार, आणि मागचे ब्रेक आळशासारखे बसणार. मग कुणीतरी अतिहुशारीने मागेही पुढच्याच डिस्क लावतो, आता मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. हे गॅरेजमधे बसून कळत नाही. मोकळ्या ट्रॅकवर ट्रॅफिकवाल्यांचा प्लॅस्टिकचा कोन (शंकू) ठेवायचा, 60 ने यायचं, कोनापाशी ब्रेक दाबायचा, आणि बाजूला सेफ अंतरावर उभ्या माणसाने कुठलं चाक आधी थांबलं ते बघायचं. मग बॅलन्स बार, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप बदलणारा दांडा, फिरवायचा आणि परत.

हवा 30? या वजनाला टायर फुग्यासारखा टणक राहतो, मधलीच पट्टी रस्त्याला लागते. अशा गाड्या थंड टायरला 18-20 पीएसआयच्या आसपास चालवतात. त्यात आपल्याकडचा मे महिना, सकाळी भरलेली हवा दुपारी 44 डिग्रीत नुसती उभ्या उभ्या दोन-तीन पीएसआय वाढते, म्हणून राउंड मारून आलं की लगेच गरम टायरवर मोजायची.

राहिला बायपास. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात रजिस्ट्रेशन नसलेली गाडी पब्लिक रस्त्यावर आणताच येत नाही, कलम 39, इन्शुरन्सचा तर विषयच सोडा. समोर टेललाइट नसलेली केळीची ट्रॉली असली तर तुम्हीच बघा. पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी सरळ रस्ता सांगतो काय? लांब वळणात इंजिनाचं ऑइल खालच्या चेंबरच्या एका कडेला जातं, पंप हवा ओढतो, ऑइलचं प्रेशर पडतं आणि इंजिनाचं बेअरिंग जातं. बायपासवर हे दिसणारच नाही, चेंबरमधे ऑइल अडवायला आडव्या पट्ट्या लागतील का ते वळणातच कळतं.

माजाचं म्हणाल तर फॉर्म्युला भारत या कॉलेजवाल्यांच्या रेसकार स्पर्धेत कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर कॉलेजच्या पोरांची गाडी चारही चाकं लॉक करून दाखवल्याशिवाय पुढे सोडतच नाहीत. तो ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा आहे, टॉप स्पीडसाठी कुणी जात नाही तिथे. गाडी टेम्पोत चढवून न्या, पहिले राउंड हळू मारा, पिटमधे (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) येऊन प्रत्येक नटावर मार्करने ओढलेली रेघ जुळतेय का, म्हणजे नट सैल तर झाला नाही ना, ते बघा, ब्रेकचं ऑइल कुठे पाझरलंय का बघा, आणि मगच वेग वाढवा.