बायोडेटातलं जन्मसाल

"जन्मसाल खोडून टाक," पम्या म्हणाला. "आणि आयटीआय 1991 कशाला लिहिलंयस? बारकं पोरगंही वजाबाकी करतं."

दिलीप 52चा. भोसरीतल्या एका कारखान्यात टूल रूमला, म्हणजे डाय-साचे बनवायच्या विभागात होता. मालकाने ते काम बाहेर द्यायला सुरुवात केली आणि याचा हिशेब केला. भरपाई कायद्यात आहे तेवढीच, वर्षामागे 15 दिवसांचा पगार. तेव्हापासून लांडेवाडीच्या चौकात रोज याच विषयावर खल चालतो.

"जन्मसाल खोडलं तरी आधार कार्ड मागतातच ना," दिलीप म्हणाला.

"ते नंतर. आधी आत तर शीर!"

सुहासने नेहमीप्रमाणे राज्यघटना काढली. सरकारी नोकरीत कशावरून भेदभाव करायचा नाही त्या सोळाव्या कलमात जात, धर्म, लिंग, जन्मस्थान सगळं आहे, वय नाही. राज्य सरकारच स्वतः 38 ला दार लावतं, आरक्षण असेल तर 43 ला. मग खासगीवाल्यांना कोण विचारणार? अमेरिकेत चाळिशीपुढच्यांना वयावरून नाकारू नये म्हणून 1967 चा कायदा आहे म्हणे.

"मग तिकीट काढ त्याचं," पम्या.

नानांनी मधला रस्ता सुचवला: सिक्युरिटी. तिथे कायद्यानेच 65 पर्यंत चालतं. दिलीप भडकला. "मायक्रॉनच्या बारीक मापात काम केलेला माणूस गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसू?" नाना दुखावले. त्यांचा धाकटा भाऊ तेच करतो, बारा-बारा तास. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही.

अन्वर मात्र मुद्द्याचं बोलला. त्याचं स्वतःचं सहा माणसांचं वर्कशॉप आहे. "वय नाही रे बघत आम्ही, मागचा पगार बघतो. तुला 45 हजार मिळत होते, मी देणार 28. तू हो म्हणशील, पण चाकणहून फोन आला की जाशील. पोरगं घेतलं तर निदान शिकता शिकता दोन वर्षं टिकतं."

"मला एकदा विचारलंस का, 28 मध्ये येतो का म्हणून?"

खरंय. नाही विचारलं. कोणीच विचारत नाही. समोरच्याने मनातच नकार देऊन टाकलेला असतो. मला वाटतं दिलीपने जन्मसाल लपवण्यापेक्षा हेच पहिल्या ओळीत लिहावं: अमुक मशीन, अमुक डाय, एवढ्या पगारात येतो.

पम्याने शेवटचं अस्त्र काढलं, पेन्शन. पन्नाशीनंतर पीएफची पेन्शन सुरू करता येते, घे आणि बस निवांत. यावर सुहास पहिल्यांदाच ओरडला. "58च्या आधी घेतलीस तर दर वर्षामागे चार टक्के कापतात, तेही कायमचे! त्यात मुळात रक्कम ती केवढी. हात लावू नकोस त्याला. नोकरी धर, वर्षं वाढव."

अन्वर चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, "एक डाय बिघडून पडलीय माझ्याकडे. रोजावर येतोस?"

"किती?"

"हजार."

"बाराशे. आणि पीएफ?"

"सहा माणसांत कसला पीएफ? वीस असतील तर लागू होतो."

"म्हणजे पेन्शनची वर्षं काही वाढणार नाहीत," सुहास म्हणाला, आणि पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले.