‘काका, आधी पुस्तक उघडा’ या प्रतिक्रियेला उत्तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत काल्पनिक पात्रं चालवण्याचा खेळ. त्यातल्या दीर्घायुषी एल्फ जमातीचं पात्र शंभरी ओलांडूनही माणसाच्या पात्राइतकंच शिकलेलं कसं, असं मी ‘एल्फ शंभर वर्षं करतो तरी काय?’ या लेखात विचारलं होतं. त्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. उत्तर लांबलं म्हणून इथे वेगळं टाकतोय. प्रतिक्रिया देणाऱ्याने नाव दिलेलं नाही, नुसतं ड्रॅगनचं चित्र आहे. मूळ मजकूर असा:

“काका, आधी पुस्तक उघडा, मग लिहा. पाचव्या आवृत्तीत एल्फ शरीराने माणसाइतक्याच वयात मोठा होतो, शंभर ही फक्त त्यांची रीत. ड्वॉर्फचा आकडाही चुकलाय. आणि तसंही म्हातारपणाने कोणाचं कॅरेक्टर मेलंय? टेबलावर वयाने काडीचा फरक पडत नाही.”

ड्वॉर्फचं, म्हणजे खेळातल्या बुटक्या जमातीचं, आधी उरकतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या पुस्तकात, ड्वॉर्फ पन्नाशीपर्यंत पोरसवदाच मानला जातो. मी ४० लिहिलं, तो जुन्या ३.५ आवृत्तीतला आकडा. चूक माझी. दुरुस्त केली, आभार. एवढंच आणि नीट शब्दांत सांगितलं असतंत तर मी चहा घेऊन गप्प झोपलो असतो.

पण ‘पुस्तक उघडा’?

२००६ साल, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, हॉस्टेल. ३.५ चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंसाठीचं नियमांचं पुस्तक, विकत घेणं आमच्यातल्या कोणाच्याच ऐपतीत नव्हतं. एका सीनियरच्या प्रतीवरून झेरॉक्स काढली, स्पायरल बाइंडिंग केलं. वयाच्या तक्त्याचं पान नेमकं तिरकं आलं आणि शेवटचा रकाना कापला गेला. तो मी सीनियरच्या खोलीत बसून निळ्या पेनाने भरलाय. ती प्रत अजून माझ्याकडे आहे, पेन जरा फिकट झालंय. वीस बाजूंचा फासा कुठे मिळतो हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून वहीच्या कागदाच्या वीस चिठ्ठ्या स्टीलच्या पेल्यात. सहा बाजूंचा मात्र होता, सापशिडीतला.

माझं पहिलं कॅरेक्टर एल्फ विझार्ड, म्हणजे जादूगार. त्याचं सुरुवातीचं वय ११० अधिक सहा बाजूंचे दहा फासे. आमच्याकडे फासा एकच, तेव्हा तोच दहा वेळा टाकला. रूममेट जर्नलच्या मागच्या पानावर आकडे मांडत होता. बेरीज ३८, वय १४८. मग त्याने स्वतःचा माणूस विझार्ड केला: १५ अधिक दोन फासे. वय २२. दोघंही पहिल्या लेव्हलचे, म्हणजे अगदी नवशिके, दोघांनाही तेच बाळबोध मंत्र येणार. रूममेटने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “तुझा ढ आहे का रे?”

माझा अख्खा लेख या एका प्रश्नातून आलाय, साहेब. दोन फाशांची सरासरी ७, दहा फाशांची ३५. माणूस जे सात वर्षांत शिकतो त्याला एल्फला पस्तीस लागतात. बरं, एल्फला बुद्धीत काही उणे आहेत का? नाहीत. उलट ३.५ मध्ये एल्फचा फेवर्ड क्लासच विझार्ड! ज्या जमातीचा हातखंडा, तीच पाचपट वेळ घेते. आणि एकदा मोहिमेवर निघाले की तोच ढ एल्फ माणसाच्या बरोबरीने भराभर लेव्हल चढतो. गुण तेवढेच, लेव्हल तेवढीच. मग ती आधीची पस्तीस वर्षं गेली कुठे?

आता तुमचा ‘रीत’वाला मुद्दा. वाचलाय तो. पाचव्या आवृत्तीत एल्फ शरीराने माणसासारखाच वाढतो आणि शंभरीच्या आसपास मोठ्यांचं नाव घेतो, खरंय. पण त्याने घोळ मिटतो कसा? वाढतोच. ३.५ मध्ये निदान ‘एल्फ सावकाश वाढतात’ म्हणून वेळ मारून नेता यायची. आता विशीतल्या धडधाकट शरीराने ऐंशी वर्षं काढायची आणि तरी पहिल्याच लेव्हलला उभं राहायचं. जाऊ दे, यावर सविस्तर पुन्हा लिहीन.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पाचव्या आवृत्तीतला एल्फच्या आयुष्याचा ७५० वर्षं हा आकडा कुठून आला, कधी पाहिलंत? ३.५ मध्ये एल्फचं कमाल आयुष्य ३५० अधिक शंभराचे चार फासे. चारही शंभर पडले तर बरोबर ७५०. ड्वॉर्फचं २५० अधिक शंभराचे दोन फासे, सरासरी ३५१, आणि पाचव्या आवृत्तीत लिहिलंय साधारण ३५०. म्हणजे माझ्या मते तरी ड्वॉर्फच्या वाट्याला सरासरी आली आणि एल्फच्या वाट्याला थेट कमाल. हे दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवल्याशिवाय दिसत नाही. मी ठेवली होती.

आणि ते ‘काका’. मी अडतीस वर्षांचा आहे. लेखाखाली माझा फोटो नाही, वय नाही, तरी तुम्ही ओळखलंत, कौतुक आहे. ३.५ च्या तक्त्याप्रमाणे माणसाचं मध्यम वय पस्तिसाव्या वर्षी सुरू होतं: ताकद, चपळाई आणि दमसास एकेकाने कमी, बुद्धी, शहाणपण आणि छाप एकेकाने जास्त. जिने चढताना पहिल्या तिघांचा प्रत्यय रोज येतो, उरलेल्या तिघांची वाट पाहतोय. तुमची ही प्रतिक्रिया मी तीनदा वाचली, त्यावरून शहाणपण अजून वाढलेलं दिसत नाही. पण माझ्या टेबलावर सतरा वर्षांची पोरं येतात, तीही मला नावाने हाक मारतात.

‘टेबलावर फरक पडत नाही’ याला उत्तर देत बसणार नाही. आमच्या हाफ-ऑर्कवाल्याला, म्हणजे त्या जमातीचं पात्र खेळणाऱ्याला, विचारा. पाचव्या आवृत्तीत भुताचं भेसूर तोंड पाहून सेव्ह, म्हणजे बचावासाठी टाकलेला फासा, पाच किंवा जास्तने हुकला की चार बाजूंचा फासा गुणिले दहा इतकी वर्षं अंगावर येतात. याचं पडलं चार. सोळाचा पोरगा छप्पन्नचा झाला, आणि हाफ-ऑर्क पंचाहत्तरी क्वचितच ओलांडतो. शेजारच्या एल्फलाही चाळीसच वर्षं लागली. तो हसत होता.