आत्याचा खुबा आणि आमची भुलीवरची चर्चा

शनिवारी पहाटे आत्या मोरीत घसरली. वय ८१. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावंच लागणार होतं, आणि एक्स-रे हातात पडल्यापासून आमच्या घरात एकच विषय: भूल कुठली द्यायची, पूर्ण की मणक्यात सुई देऊन फक्त कमरेखालची?

पुण्याचा भाऊ फोनवर सांगत होता, "पूर्ण भूल अजिबात देऊ देऊ नका, या वयात डोक्यावर परिणाम होतो." काकूंचं उलटंच. "मणक्यात सुई नको गं. माझ्या सिझरला दिली होती, कंबर अजून धरते." मीही डॉक्टरांना तीनदा हेच विचारलं. त्या नादात शनिवार गेला. रविवारी फिटनेस देणारे फिजिशियन नव्हते. सोमवारसाठी आत्याला रात्री बारापासून उपाशी ठेवलं आणि दुपारी चारला कळलं, आज नंबर लागत नाही. तोवर पाण्याचा घोट नाही. ती कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होती, मी ओला कापूस फिरवत होते. यावर आमच्यातलं कुणी भांडलं नाही. भुलीवरून मात्र सगळे भांडत होतो.

मंगळवारी ऑपरेशन झालं, मणक्यातली भूल देऊन. भावाच्या हिशेबाने आता काळजीचं कारण नव्हतं. त्याच रात्री आत्याला वात झाला, म्हणजे भ्रम. सलाईन उपसून काढली, "गुरं सोडायची राहिलीत, जाऊ द्या मला" म्हणत कॉटवरून उतरायला लागली. मला ओळखेना.

नंतर मी वाचायला बसले. अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत खुबा मोडलेल्या १६०० जणांवर नेमका हाच अभ्यास झालाय, पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या डॉ. मार्क न्यूमन यांच्या पुढाकाराने. निष्कर्ष २०२१ सालचे. कुणाला कुठली भूल, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. साठ दिवसांच्या आत दगावलेले, किंवा वॉकर घेऊनही दहा फूट चालू न शकणारे मोजले. मणक्यातल्या भुलीत १८.५ टक्के, पूर्ण भुलीत १८. वात होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास पाचात एक. पुढच्याच वर्षी चीनमधल्या ९५० जणांच्या अभ्यासातही भुलीने फरक पडलेला दिसला नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हृदयाची झडप खराब असेल, तर भूलतज्ज्ञांकडे एकच भूल निवडायला पक्कं कारण असतं. ते त्यांना ठरवू द्यावं.

उशिराचं मात्र वाचून पोटात कालवलं. २०२० साली १७ देशांतल्या २९७० रुग्णांचा अभ्यास आला. निदान झाल्यावर सहा तासांत ऑपरेशन करायचं ठरवलेले एका बाजूला, नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे साधारण चोवीस तासांनी केलेले दुसऱ्या. मृत्यूंत फरक सिद्ध झाला नाही, पण वात १२ टक्क्यांवरून ९ वर आला, लघवीचा जंतुसंसर्ग कमी झाला, माणसं लवकर उभी राहिली. तिथे उशीर म्हणजे एक दिवस. आम्ही तीन घालवले. आणि ते उपाशी ठेवणं! अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची संघटना एरवी ठीक असलेल्या रुग्णाला ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ द्या म्हणते.

अजून एक गोष्ट, ती तर पूर्णपणे माझ्या हातातली होती. ऑपरेशन थिएटरात नेताना आत्याचा चष्मा आणि कानातलं मशीन काढून माझ्याकडे दिलं होतं. मी ते पिशवीत टाकलं आणि पिशवी गाडीत राहिली. म्हणजे त्या रात्री तिला नीट दिसतही नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये दाखवलंय, सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांमध्ये: चष्मा, ऐकायचं मशीन, वेळेवर पाणी, शांत झोप, थोडं चालवणं, वार-तारीख सांगत राहणं, एवढ्यावर वात १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला. ते ऑपरेशनचे पेशंट नव्हते, साध्या वॉर्डातले होते. तरी त्यात आमच्या आवाक्याबाहेरचं काय होतं?

बुधवारी सकाळी मशीन कानात बसवलं, चष्मा चढवला. आत्याने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू कधी आलीस?" रात्री पुन्हा बरळली, पण कॉटवरून उतरली नाही.

आता ती वॉकर धरून संडासापर्यंत जाते. त्या दोन रात्रींचं तिला काही आठवत नाही. "मी कुणाला वाईटसाईट बोलले नाही ना गं?" एवढंच सारखं विचारते. मी नाही म्हणते.