कापला माझा, गिळला त्यांनी, नोटीस मला

डोकं जाम फिरलंय, त्यामुळे जरा चढ्या आवाजातच लिहिणार आहे.

दर महिन्याला माझ्या पगारातून टीडीएस, म्हणजे मालकानं पगार देतानाच कापायचा इन्कम टॅक्स, कापला जायचा. सॅलरी स्लिपवर पीएफ, त्याखाली प्रोफेशनल टॅक्सचे 200 रुपये, त्याखाली इन्कम टॅक्सची चांगली ठसठशीत रक्कम. उरलेला पगार बँकेत. म्हणजे माझा टॅक्स मी भरला की नाही? नाही म्हणे! कंपनीनं कापलेले पैसे सरकारजमा केलेच नाहीत. आणि डिमांड नोटीस कोणाला? मला. टॅक्स पुन्हा भरा, वर व्याज भरा, 30 दिवसांत भरा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथे दोराचे पैसेही संन्याशाकडूनच घेतात.

कंपनीचं नाव घेत नाही. एवढंच सांगते की ऑफिसात बीन बॅग होत्या, शुक्रवारी पिझ्झा होता, आणि कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा असतो हे कोणाच्या लक्षात नव्हतं. लक्षात नव्हतं कसलं, चांगलं लक्षात होतं! आमच्या टॅक्सच्या पैशांवर जागेचं भाडं निघत होतं. फॉर्म 16, म्हणजे कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट, मागितला की एचआर म्हणायची, "फायनान्सला मेल टाक ना." फायनान्सला मेल टाकला की उत्तर यायचं, "नोटेड." 15 जून ही फॉर्म 16 द्यायची शेवटची तारीख, ती आली आणि गेली. खूप मागे लागल्यावर हातात पडला तो एक्सेलमध्ये रंगवलेला कागद. ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस वेबसाइटवरून काढलेला पार्ट ए नाही, सर्टिफिकेट नंबर नाही, काही नाही. 26एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी उतारा, उघडलं तर पहिल्या तिमाहीचे पैसे दिसतात, पुढे शुकशुकाट.

संताप याचा येतो की कायदा माझ्या बाजूनं आहे. 1961च्या आयकर कायद्याचं कलम 205 स्पष्ट सांगतं की पगारातून जेवढा टॅक्स कापला गेला, तेवढा पुन्हा त्या माणसाकडे मागायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2007 मध्ये अशाच पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितलं: मालकानं भरला नसेल तर मालकाच्या मागे लागा. सीबीडीटीनं, म्हणजे प्रत्यक्ष करांच्या केंद्रीय मंडळानं, 2015च्या जूनमध्ये अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की अशा डिमांडची सक्तीनं वसुली करू नका, आणि 2016च्या मार्चमध्ये तेच परत कळवावं लागलं. परत का कळवावं लागलं, ते तुम्हीच ओळखा. आता 2025चा नवा कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, पण जुन्या वर्षांची भांडणं जुन्याच कायद्यानं चालणार.

मग घोडं अडतं कुठे? सिस्टिममध्ये. तिला कलम 205 ठाऊक नाही, तिला 26एएस ठाऊक. कंपनीनं तिमाहीचं 24क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं रिटर्न, भरलं, त्यात तुमचा पॅन बरोबर टाकला, चलन जुळलं, तरच क्रेडिट दिसणार. यातलं एक जरी चुकलं तरी तुमच्या नावावर शून्य. मग बसा आयकराच्या पोर्टलवर उत्तर देत. "डिमांड मान्य नाही" निवडलं की कारणांची यादी येते: आधीच भरलाय, अपील केलंय, रेक्टिफिकेशन (चूकदुरुस्तीचा अर्ज) टाकलंय. "मालकानं खाल्ला" असा पर्याय नाही. "इतर" निवडायचं आणि खालच्या चौकोनात आपली कर्मकहाणी लिहायची. ती लिहून होते तोवर सेशन संपतं. परत लॉगिन, परत ओटीपी.

प्रत्यक्ष आयकर ऑफिसात गेले, तर टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कंपनीला रिटर्न रिव्हाइज करायला सांगा."

"अहो, कंपनी बंद पडली."

"मग डायरेक्टरला सांगा."

कसं सांगू? डायरेक्टरसाहेब लिंक्डइनवर "नव्या प्रवासाची सुरुवात" करून बसलेत, आणि खाली शंभर जण टाळ्या वाजवतायत. टीडीएस कापून न भरणाऱ्याला महिन्याला दीड टक्का व्याज आहे, कलम 276बी खाली 3 महिने ते 7 वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. छान वाटतं वाचायला. माझ्याकडे मात्र त्यांचं ब्लॉक केलेलं व्हॉट्सअॅप आहे.

आणि सीए! "मॅडम, रक्कम फार मोठी नाही, भरून टाका, कटकट मिटेल." का भरू? एकदा भरलाय तो! नाही भरला तर पुढच्या वर्षीचा रिफंड कलम 245 खाली परस्पर वळता करणार. त्याची सूचना येते, 21 दिवसांत हरकत घ्यायची. सूचना ईमेलच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडली, की गेला रिफंड. दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये म्हटलंय की अशा प्रकरणात रिफंड वळता करणं ही मागच्या दारानं केलेली वसुलीच आहे. पण तेवढ्यासाठी प्रत्येक पगारदारानं हायकोर्ट गाठायचं का?

व्याजाचं तर विचारूच नका. मी देणं लागले की महिन्याला 1 टक्का, तोही अर्धवट महिना पूर्ण धरून. सरकार माझं देणं लागलं की महिन्याला अर्धा टक्का. आणि त्या अर्ध्या टक्क्यावर परत टॅक्स! 2024च्या अंतरिम अर्थसंकल्पात 2009-10 पर्यंतच्या 25,000 रुपयांपर्यंतच्या आणि 2010-11 ते 2014-15 च्या 10,000 रुपयांपर्यंतच्या जुन्या डिमांड माफ केल्या, तेव्हा खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितलं की यातल्या बऱ्याच पार 1962 पासूनच्या आहेत. लोक वर गेले, डिमांड खालीच.

आमच्या बाबांचं वेगळंच. आयुष्यभर एक पैसा कोणाचा ठेवला नाही, आता पोरीला "इन्कम टॅक्सवाल्यांची नोटीस" आली म्हणून रात्री झोप नाही. शेजारच्या काकांनी त्यांना 200 टक्के पेनल्टीचं ऐकवलं. ती उत्पन्न चुकीचं दाखवणाऱ्याला असते हो, मी तर पूर्ण पगार दाखवलाय! पण बाबा काकांचं ऐकतात, माझं नाही.

तर तुमचाही पगार टीडीएस कापून येत असेल तर आत्ता उठा आणि 26एएस बघा. सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा, कंपनीचा ईमेल बंद व्हायच्या आत. नंतर तोच एक पुरावा. नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका आणि घाबरून भरूही नका. कापल्याचे कागद जोडून "मान्य नाही" म्हणा, रेक्टिफिकेशन टाका, अधिकाऱ्याला कलम 205चा उल्लेख करून पत्र द्या आणि पोच घ्या. शिक्क्यासकट.

नव्या कंपनीत परवा एचआरला विचारलं, "मागच्या तिमाहीचं 24क्यू भरलं का?" तिनं असं बघितलं जसं काही मी तिचा पगार विचारला. हसत म्हणाली, "आमच्याकडे असं काही होत नाही हं." होत नसेल तर दाखवायला काय जातं? चलन स्क्रीनवर उघडेपर्यंत मी तिच्या टेबलापासून हलले नाही. पुढच्या तिमाहीला परत जाणार आहे.