खुलासा : एल्विसची गुलाबी कॅडिलॅक विक्रीला नाही

‘एल्विस प्रेस्लीची १९५५ची गुलाबी कॅडिलॅक, नव्यासारखी करून विक्रीला’ असा मेसेज फोटोसह सगळीकडे फिरतोय. (एल्विस म्हणजे अमेरिकेचा गाजलेला रॉक अँड रोल गायक, आणि कॅडिलॅक ही तिथली आलिशान मोटार.) परवा मीही तो न तपासता तीन ग्रुपवर टाकला. माफ करा, तो चुकीचा आहे.

एल्विसची ती गाडी, फ्लीटवूड सिरीज ६०, अमेरिकेत मेम्फिसला ग्रेसलँड या त्याच्या घराच्या संग्रहालयात आहे. मुळात ती निळी होती, छत काळं. गुलाबी रंग त्याने नंतर मारून घेतला. गाडी त्याने आईला, ग्लॅडिस यांना दिली. त्या स्वतः गाडी चालवत नसत, तरी त्याने ती शेवटपर्यंत विकली नाही. त्याआधीची १९५४ची गुलाबी कॅडिलॅक १९५५ साली आर्कान्सामध्ये रस्त्यातच जळून गेली. म्हणजे तीही असणं शक्य नाही.

आता फोटो मोठा करून मागची बाजू बघा. दोन्ही बाजूंना पत्र्याचे उंच, टोकदार पंख आणि प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. ही १९५९ची कॅडिलॅक. १९५५च्या गाडीचे पंख बुटके असतात, आणि डाव्या मागच्या दिव्याखाली पेट्रोलचं तोंड दडवलेलं असतं. दिवा वर उचलला की दिसतं. मला तर हा बारकावा फार आवडतो.

फोटोतली गाडी कुणाची खरीच विक्रीला असेलही, पण एल्विसची नाही. कृपया त्या नावावर कुणी टोकन पाठवू नका. मेसेज पुढे ढकलला असेल तर डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.