मावशी, ही पाळी परत आलेली नाही

गेल्या रविवारी मावशीने मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "अगं, हे खरं आहे ना?" मेसेजचं सार असं: संबंधानंतर थोडं रक्त दिसलं तर घाबरू नये. पाळी गेलेल्या बाईला दिसलं तर उलट आनंदच मानावा, पाळी परत आली, शरीर पुन्हा तरुण झालं. दुखत नसेल तर डॉक्टरकडे जायचं कारण नाही. तुरटीच्या पाण्याने आतून धुतलं की थांबतं. तरुण बाईला होत असेल तर नवरा बाहेरख्याली आहे असं समजावं. शेवटी अर्थातच, 'प्रत्येक बहिणीपर्यंत पोहोचवा'.

मावशी ५८ वर्षांची आहे. तिची पाळी जाऊन ८ वर्षं झाली. मी लगेच फोन केला, तेव्हा कुठे कळलं की ४ महिन्यांपासून तिला अधूनमधून डाग पडतायत, आधी फक्त संबंधानंतर, मग एरवीही. कपाटात जुन्या चादरींच्या मागे तिने पॅडचं पाकीट लपवून ठेवलं होतं, अर्धं संपलेलं. काकांनाही सांगितलं नव्हतं. तो मेसेज वाचून तिला हायसं वाटलं होतं. मला राग आला तो इथे.

'पाळी परत आली' हे तर सरळ खोटं आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर एक थेंब जरी दिसला, संबंधानंतर असो वा कपडे बदलताना, तरी ती पाळी नसते आणि त्या रक्ताचं कारण शोधावंच लागतं. २०१८ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात १२९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पाळी गेल्यानंतर रक्त गेलेल्या ३४,००० हून जास्त बायका त्यात होत्या. त्यांच्यापैकी साधारण ९ टक्के बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. उलट बाजूने पाहिलं, तर ज्यांना हा कॅन्सर झाला होता त्यांच्यातल्या जवळजवळ ९१ टक्के बायकांना आधी रक्त गेलं होतं. म्हणजे शंभरातल्या नव्वदेक जणींना कॅन्सर नसतो, हे खरंच दिलासा देणारं आहे. पण ज्यांना असतो, त्यांना शरीर बहुतेक वेळा असंच कळवतं, आणि या मेसेजने त्या खुणेवर 'अभिनंदन' लिहिलंय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. मेसेजमध्ये मधेच एका ओळीत 'कोरडेपणामुळेही होते' असं आहे, आणि ते बरोबर आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांमधलं संप्रेरक कमी होतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, थोड्या घर्षणानेही ओरखडा पडतो. या वयात रक्त जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही असा कोरडेपणा येतो. त्यावर वंगण जेल आहे, डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं क्रीम आहे. फक्त रक्त कोरडेपणाचं की आतल्या अस्तराचं, हे घरी बसून कुणालाच ओळखता येत नाही. मावशीलाही नाही, मलाही नाही.

दुखत नाही म्हणून काही नाही, हेही चूक. गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. पॉलिप, म्हणजे आत वाढलेला मांसल कोंब, तोही सहसा दुखत नाही.

तुरटीबद्दल काय बोलावं! आधीच कोरड्या, नाजूक जागेला आणखी कोरडं करायचं, वर तिथले संरक्षण करणारे जंतू धुऊन टाकायचे. आतून काहीही धुवायचं नसतं, साध्या पाण्यानेही नाही.

आणि तो नवऱ्याचा मुद्दा. क्लॅमायडिया किंवा गनोरिया या संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांनी गर्भाशयमुखाला सूज येते आणि स्पर्श झाला की रक्त येतं, हे खरं. तो संसर्ग मिळाला तर दोघांनीही औषध घ्यायचं. पण क्लॅमायडिया महिनोन्‌महिने काही न जाणवता राहू शकतो, त्यामुळे कुणाकडून, कधी, हे रक्ताच्या डागावरून ठरत नाही. शिवाय तरुणपणी याची साधी कारणंच जास्त. गर्भाशयमुखाच्या आतल्या मऊ पेशी बाहेरच्या बाजूला आलेल्या असतात, गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे पुष्कळदा दिसतं. त्याला 'पिशवीच्या तोंडाला जखम' म्हणतात आणि बाई हादरते, पण ती जखम नसतेच, बहुतेकदा उपचारही लागत नाहीत. तरीही एकदा डॉक्टरांनी आतून पाहायला हवं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही चाचणी राहिली असेल तर तीही करून घ्यावी. गरोदर असाल, किंवा तासाभरात पॅड भिजतंय, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी जा.

मावशीला सोमवारीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी?" मावशी म्हणाली, "८ वर्षांपूर्वी." मग माझ्याकडे पाहून अगदी हळू म्हणाली, "म्हणजे ही पाळी नाही." आतून सोनोग्राफी केली. अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असलं की सहसा तुकडा काढून तपासतात, तिचं ९ निघालं. तुकडा काढताना तिने माझा हात धरून ठेवला होता. पाचएक मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच होतं होय? मी उगाच ४ महिने घाबरले."

रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहे. मी सुट्टी टाकली आहे. काकाही येणार आहेत, त्यांना तिने स्वतःच सांगितलं.